सुया चालू आहेत

घरासमोरचा विजेचा खांब वाकलाय, असं आमचे हे मागच्या वर्षी गावभर सांगत सुटले होते. वायरमन आला, खांबाला पाठ टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, खांब सरळ हाय. तुमीच वाईच तिरके उभे हाव." हे त्याच्याशी भांडले. मीही भांडले. खांब वाकला म्हटलं तर काम करावं लागेल, म्हणून हा सरळ म्हणतोय, याबद्दल मला जराही शंका नव्हती. पुढे ह्यांना आमच्याच दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, तेव्हा मी सुतारावर घसरले.

माझा स्वभावच असा आहे, लपवून काय करू. मुरबाडच्या बाजारात पावशेर मिरची घेतली तरी मी पारड्याखाली हात घालून बघते. कोणी फार गोड बोललं की आधी त्याचे पाय उलटे आहेत का ते बघावंसं वाटतं. आमची शेजारीण जनी म्हणते, "गोजरवयनी, तू देवळात गेलीस तरी देवाकडं पावती मागशील." मागेन. फुकट नारळ फोडायचा का?

ह्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण इथे एकदा लिहिते: महिपत. जन्म ह्याच गावात, वैशाखऱ्यातच गेला. विहिरीत पडलेल्या म्हशीला दोर बांधायला सगळे वरून सल्ले देत होते, तेव्हा हे उतरले होते. भीती म्हणून ह्यांना ठाऊक नाही, असं गाव म्हणतं आणि मीही म्हणत होते.

तर खांब सरळ होता. वाकडं बघत होता तो ह्यांचा डावा डोळा. "मोतीबिंदू असंल, पिकू दे, मंग काढा," असं चार जणांनी सांगितलं. आंबा अढीत घालावा तसा आम्ही तो डोळा पिकत ठेवला. शेवटी आसनगावला दिलेली आमची लेक, अक्षदा, बापाला कल्याणला डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मोतीबिंदू नव्हताच. डोळ्याच्या आतला, मागचा पडदा वयामुळे खराब झाला होता आणि त्यावर आता व्रण धरला होता. ह्या डोळ्याला समोरचं दिसणार नाही, फक्त कडेचं दिसेल, बाई म्हणाल्या. उजव्याला जपा. खांब पुन्हा वाकडा दिसला तर वेळ घालवू नका, लगेच या.

दिवाळीनंतर खांब पुन्हा वाकला.

तेव्हा आमची म्हैस व्यायला आली होती, म्हणून मी घरी राहिले. हे कल्याणला गेले, अक्षदा तान्ह्या बाळाला सासूकडे ठेवून तिकडे आली. संध्याकाळी हे परतले ते ओटीवर बसून राहिले, चहासुद्धा मागितला नाही.

"काय बोलली बाई?" मी विचारलं.

"सुया घ्यायला सांगितल्यात. दर म्हयन्याला."

"आन् डोळा?"

"सुया घेतल्या तर ऱ्हाईल. चुकवायच्या नाय बोलली."

एकच डोळा उरला होता. तोही गेला तर हा माणूस बांधावरून एकटा चालणार नाही, म्हशीला पेंढा टाकायचा तर दावणीपर्यंत मला हाताला धरून न्यावं लागेल, आणि ते ह्यांना सहन होणार नाही हे मला चांगलं माहीत होतं. सुया तर सुया, म्हटलं. घ्या.

त्याच आठवड्यात हे म्हणाले, कल्याणपर्यंत कशाला हाल करायचे, सुया मुरबाडलाच मिळतात. जनी गुडघ्यासाठी ज्या साईनाथकडे जाते, तोच देतो. मी जनीला विचारलं. ती म्हणाली, "चांगला हाय गो माणूस. हात हलका." हात हलका ही मला काही तारीफ वाटत नाही, खिसेकापूचाही हात हलकाच असतो. पण ह्यांच्यासोबत मी जीपमध्ये बसले.

साईनाथचा दवाखाना एसटी स्टँडजवळ, खताच्या दुकानावर. खाली युरियाचा वास, वर अगरबत्तीचा. पाटीवर लिहिलं होतं: चिनी सुई व वनौषधी उपचार, गुडघा, कंबर, झोप, डोळे. भिंतीवर एका उघड्या माणसाचं चित्र, अंगभर ठिपके, जणू त्याला गोवर आलाय. साईनाथ चाळिशीचा, किडकिडीत, हळू बोलणारा. माझ्या संशयाला एवढं पुरे होतं.

त्याने ह्यांना आडवं केलं. केसासारख्या बारीक सुया भुवयांजवळ लावल्या, कानशिलावर लावल्या, अंगठ्याच्या बेचक्यात लावल्या. मग तो खाली सरकला आणि एक पायाच्या अंगठ्याशी टोचली.

"दुखणं डोळ्यात आन् सुई पायात?" मी म्हटलं.

"चिनी शास्त्रात डोळ्याचं नातं यकृताशी धरतात, मावशी. यकृताची वाट तिथून जाते."

"यकृत म्हंजी लिवर ना? हे दारू पीत नाय."

"तसं नाही मावशी," तो हसला. "आणि मी डोळा बरा करतो असं म्हणत नाही. मोठ्या डॉक्टरच्या सोबतीला म्हणून हे. बाबा, सुई चालू आहे ना?"

"चालूच हाय," हे पडल्या पडल्या म्हणाले.

आता सांगा, अंगात आठ-दहा सुया टोचून वर हाच विचारतो, सुई चालू आहे ना! हा येडा की मी, तेच मला कळेना. शिवाय जो माणूस आपण काही बरं करत नाही म्हणून सांगतो आणि तरी पाटी लावून बसतो, त्याच्यावर दुप्पट लक्ष ठेवावं, असं मला वाटतं. मी लक्ष ठेवलं. सुया नव्या पाकिटातून निघत होत्या, पाकीट माझ्यासमोर फुटत होतं, वापरलेल्या सुया तो पिवळ्या डब्यात टाकत होता. डब्याचं झाकण उघडून बघायचं माझ्या मनात होतं, पण ह्यांनी डोळे मिटूनच मला हाक मारली, "गोजर, बस गप."

निघताना त्याने काढ्याच्या पुड्या दिल्या. घरी आल्यावर मी एक पुडी परातीत ओतली. शेवंतीची सुकी फुलं, मनुकांसारखी लाल फळं आणि कसल्या तरी काळ्या मुळीचे तुकडे. शेवंती मी ओळखली, ती आम्ही देवीला वाहतो, तिच्यासाठी चीनला कशाला जायला हवं? लाल फळं मी कोंबड्यांना टाकली. त्यांनी ती मटामटा खाल्ली आणि आणखी मागायला दारात उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या धडधाकट. म्हणजे विष नव्हतं. मग मी काढा उकळला, पण ह्यांना द्यायच्या आधी एक घोट स्वतः प्यायले.

तरी मनातून जाईना. कल्याणच्या एवढ्या शिकलेल्या बाई ह्यांना खताच्या दुकानावर का पाठवतील? मी अक्षदाला फोन लावला.

"काय गो, या सुयांनी खरंच काय होतं का?"

"आई, त्याच सुयांनी डोळा वाचतो," ती म्हणाली. मागे बाळ किंचाळत होतं. "बरा नाय होणार, पण हाय तेवढा टिकेल. एकपण मिस करू देऊ नको."

"पण ती बाईच बोलली ना नक्की? का बाबांनीच काय ऐकलं?"

"माझ्यासमोर बोलली. मुरबाडला देतायत ना डॉक्टर? बाबा बोलले मला. बरं झालं, मला बाळाला टाकून यायला टाइमच नाय."

"डॉक्टरच बोलतात त्याला सगळे."

"मग झालं तर. तू नसता संशय घेऊन त्यांना घाबरवू नको."

सख्ख्या लेकीने असं सांगितल्यावर माणूस काय करणार? मी मनातल्या मनात त्या बाई आणि साईनाथ यांचं काहीतरी साटंलोटं ठरवून टाकलं. कोणाचा तरी मावसभाऊ असेल, आते-मामे असेल. नातं निघालं की सगळं उलगडतं आपल्याकडे. मी जनीला साईनाथच्या गावाची, घराण्याची चौकशी करायला लावली. काही निघालं नाही, तेव्हा तर मला आणखीच वाटलं की पक्का आहे.

हे मात्र खूश होते. मुरबाडला जायच्या दिवशी न सांगता अंघोळ करून तयार. येताना भजी बांधून आणायचे. कसं वाटतंय विचारलं की "बरं हाय" म्हणायचे. मला ते खरं वाटायचं. ह्यांनी सांगितलेलं मी कधी पडताळून बघितलं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. सगळ्या जगाला चाळणी लावायची आणि ह्यांना तेवढं वगळायचं, अशी माझी रीत.

वाल तयार झाले. आम्ही दोघं शेंगा खुडायला बसलो. टोपली भरल्यावर मी बघितलं तर ह्यांच्या टोपलीत निम्मी पानं. मी म्हटलं, "म्हशीसाठी खुडताव का काय?" हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा देताना माझ्या लक्षात आलं, हे माझ्याकडे सरळ बघतच नव्हते. कोंबडी बघते तशी मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते.

"असं काय बघताव?"

"काय नाय."

"माझ्याकडं सरळ बघा."

ह्यांनी सरळ बघितलं. नजर माझ्या तोंडावर होती, पण तोंड सापडत नव्हतं, हे मला समोर बसून कळलं. कपातला चहा कलंडून मांडीवर सांडला, तो चटका ह्यांना लागला की नाही कोणास ठाऊक. माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं, आणि त्या पाण्याला लगेच उकळी आली. पदर खोचून मी एकटीच रस्त्यावर आले आणि मुरबाडची जीप पकडली.

साईनाथ एका बाईच्या पाठीला सुया लावत होता. मी दारातूनच सुरुवात केली. "तुझ्या सुया खोट्या, तुझी फुलं खोटी. माझ्या माणसाचा डोळा चाललाय आन् तू पायाला टोचत बसलायस." मी आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. खालचा खतवाला जिन्यात येऊन उभा राहिला.

साईनाथ चिडला नाही. त्याचा चेहरा उतरला. "कमी दिसतंय? कधीपासून? मावशी, मग हे आधी कल्याणला सांगायला हवं. कल्याणची सुई चालू असताना असं व्हायला नको. शेवटची कधी घेतली?"

"कसली कल्याणची?"

"इंजेक्शन. डोळ्यात देतात ते."

"डोळ्यात?"

"हो, मावशी. मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं, ते इंजेक्शन चालू असेल तरच मी हात लावेन, माझ्या सुया त्याच्या जागी नाहीत. दर खेपेला विचारतो. तुमच्यासमोर विचारलं होतं. ते म्हणतात, चालूच हाय."

मी बाकड्यावर बसले. खरंच, माझ्यासमोर विचारलं होतं. आमच्याकडे इंजेक्शनला सुईच म्हणतात. डॉक्टरकडून आलेल्याला आम्ही हेच विचारतो, सुई दिली का? बाईंनी सांगितली ती सुई, साईनाथने टोचली ती सुई, अक्षदाने फोनवर विचारली ती सुई आणि मी जिच्यावर संशय घेतला तीही सुईच. सगळ्यांनी विचारलं आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालं, त्यात खोटं असं काहीच नव्हतं.

जिन्यातूनच अक्षदाला फोन केला. ती रडायलाच लागली. "मला वाटलं मुरबाडला डोळ्याचे डॉक्टर येतात तेच देतायत, आई." साईनाथ मागून आला. उरलेला काढा बंद करा आणि सगळ्या पुड्या कल्याणला दाखवा, काय दिलं ते मी लिहून देतो, म्हणाला. त्या माणसाचा मला राग यायला हवा होता, पण धरायला काही मिळेना.

परत येताना जीपमध्ये मला ह्यांची कणव येत होती. सत्तरीचा माणूस, बाईंनी घाईत सुई म्हटलं असेल, ह्यांना वाटलं असेल ही पण सुईच. शिकलेल्यांनी नीट सांगायला नको का? बाईंना काय काय सुनवायचं ते मी घाट दिसायला लागेपर्यंत जुळवत होते.

हे ओटीवरच होते. मी शेजारी बसले आणि लहान पोराला समजवावं तसं सांगितलं, "अवो, तुमची चूक नाय. ती सुई वेगळी व्हती. ती डोळ्यात द्यायची सुई. तुमाला कळलं नाय."

हे रस्त्याकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"डोळ्यात देतात त्ये. बाईनी चित्र दाखवून सांगितलं. डोळा उघडा ठेवून देतात, गोजर. चिमटा लावतात, मिटता येत नाय. ती समोरून येनार आन् मी बघत पडून ऱ्हायाचा." ह्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "मला भ्या वाटलं."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. विहिरीत उतरणारा माणूस हा.

"मंग सांगायचं व्हतं. मी आले असते."

"तुला सांगितलं असतं तर तू नेलंच असतं."

"डोळा गेला ना तुमचा!"

"सगळा नाय गेला." मग हळूच म्हणाले, "मी खोटं नाय बोललो कोनाशी. सुया चालू व्हत्या."

तेव्हा माझा तोल सुटला. मी किती मोठ्याने बोलत होते ते मला जनी कुंपणापाशी येऊन उभी राहिली तेव्हा कळलं. मी ह्यांना लबाड म्हटलं, भित्रा म्हटलं. कोंबड्यांना फळं टाकून बघणारी मी, काढा स्वतः पिऊन बघणारी मी, त्या परक्या माणसाच्या घराण्याची चौकशी करणारी मी, आणि हे समोर बसून सगळं बघत होते. एकदा तरी म्हणायचं, गोजर, तू चुकीच्या दारात उभी आहेस. हे मान खाली घालून ऐकत राहिले. मला रडू आलं ते मी रागावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला गेलो. अक्षदा बाळाला घेऊनच आली. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, यंत्रावर फोटो काढला, पुड्या बघितल्या. मी जुळवून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं, पण त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे मलाही ओरडता आलं नाही. "ह्या काढ्याने डोळा वाचतो असा पुरावा मला माहीत नाही. काहीही घेत असाल तर आधी मला सांगत जा," म्हणाल्या. "मधला बराचसा भाग गेलाय, तो परत येणार नाही. कडेचा आणि थोडा मधला शाबूत आहे. तो राखायला इंजेक्शन आजपासून सुरू करू. यायला खूप उशीर झाला, बाबा." हे म्हणाले, "व्हय."

सुई द्यायच्या खोलीत मला येऊ दिलं नाही. हे नर्सच्या हाताला धरून आत गेले. मी बाकड्यावर बसून दाराकडे बघत राहिले. अक्षदा बाळाला घेऊन औषधांच्या रांगेत होती. आतून काही आवाज आला नाही. मला वाटलं होतं त्याहून फार लवकर दार उघडलं आणि हे डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून बाहेर आले. चाचपत माझ्या शेजारी बसले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. काय दुखलं नाय बघ. उगाच भ्यालो." हसायचा प्रयत्न केला. "पुढच्या म्हयन्याला तू नको येऊ. म्हशीचं कोन बघनार? मी येतो एकटा."

आवाज अगदी नेहमीचा होता. बरं हाय म्हणायचे तोच. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. ह्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, ते बरं झालं.

मी उठले. सुई देण्याच्या खोलीच्या दारात नर्स पुढच्या माणसाचं नाव पुकारत होती. मी तिला म्हटलं, "आता जे बाबा बाहेर आले, त्यांना सुई दिली का?"

"दिली की मावशी. तुमच्यासमोरच तर आत गेले."

"आत गेले ते बघितलं मी. डोळ्यात दिली ना? तुमी सोता बघितली?"

"हो, मीच हात धरला होता त्यांचा."

मी मागे वळले. बाकडं तिथून चार पावलांवर होतं, त्यामुळे ह्यांनी सगळं ऐकलं होतं. मी जवळ गेले तेव्हा उठून उभे राहिले आणि जिना उतरायला माझा खांदा धरला.